भुंगेऱ्याचे बारसे



मृगाचा पाऊस पडून गेला, की संध्याकाळी ओसरीवर काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. दिवा लागला की किड्यांची ही गर्दी जमते! त्यांत तपकिरी रंगाचे, भर्रकन उडत येऊन भिंतीवर आपटणारे भुंगेरे असतात. ते हुमणीचे. ऊस लावणाऱ्याला त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. रात्री कडुनिंबावर आणि बाभळीवर बसून ते पाला खातात, जमिनीत अंडी घालतात, आणि त्या अंड्यांतून निघालेली पांढरी अळी पिकाची मुळे कुरतडते. म्हणून शहाणे शेतकरी रात्री फांद्या हलवून हे भुंगेरे खाली पाडतात, आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात. योग्यच आहे ते.

पण त्याच ओसरीवर, पायरीच्या फटीतून, आणखी एक किडा धावत निघालेला असतो. काळा, लांब पायांचा, अंगाने जरा चपटा. उडण्यापेक्षा पळण्यावर त्याची भिस्त. बांधावरचा दगड उचलला की खालून सुसाट सुटतो, तो हाच. त्याला पाहून आपण काय करतो? पायातली वहाण काढतो! किडा तो किडा, त्यात काय बघायचे?

मंडळी, बघायचे आहे ते हेच. पहिला तुमचे पीक खातो, आणि दुसरा बहुधा तुमचे पीक खाणाऱ्याला खातो. अळ्या, किड्यांची अंडी, कोष, लहान गोगलगायी, हे या दुसऱ्या घराण्यातल्या बहुतेकांचे जेवण. काही जण तणाचे बीही खातात. आपल्याजवळ या दोघांना मिळून ‘किडा’ हा एकच शब्द असला, तर चोराबरोबर राखणदारालाही मार बसणार, हे ठरलेलेच. न्याय करायचा तर आधी ओळख पटली पाहिजे, आणि ओळख पटायची तर नाव पाहिजे. या राखणदारांना नावे कशी मिळाली, कोणी दिली, आणि एक नाव द्यायला काय काय करावे लागते, ती हकीकत आज मी तुम्हाला सांगणार आहे.

या घराण्याला, म्हणजे शास्त्राच्या भाषेत ‘कुला’ला, कॅराबिडी असे म्हणतात. आपण सोपेपणासाठी ‘जमिनीवरचे भुंगेरे’ म्हणू. आजवर जगात यांच्या सुमारे ४०,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत. एवढ्या सगळ्यांचे बारसे एकेक करून झालेले आहे, बरं का!

बारशाची रीत घालून दिली स्वीडन देशातल्या कार्ल लिनियस याने. त्याच्या आधी एखाद्या प्राण्याचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिन भाषेतले एक लांबलचक वाक्यच असे. ते पाठ कोण करणार? लिनियसने प्रत्येकाला दोनच शब्दांचे नाव द्यायचे ठरवले, आणि १७५८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सगळ्या प्राण्यांना ती पद्धत लावली. शिक्षकांना ही पद्धत कळायला वेळ लागणार नाही. हजेरीपटावर आपण ‘पाटील गणपत’, ‘पाटील शंकर’ असे लिहितो ना? आधी घराचे नाव, मग मुलाचे. तसेच हे. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या भाऊबंदांचा. दुसरा त्या एका जातीचा. जमिनीवरच्या भुंगेऱ्यांसाठी लिनियसने ‘कॅराबस’ ही प्रजाती केली, आणि त्या वेळी माहीत असलेले असे बहुतेक भुंगेरे त्या एकाच घरात घातले.

लिनियसचा एक शिष्य होता, फाब्रिसियस. त्याने १७७५ साली हिंदुस्थानातला एक मोठा काळा भुंगेरा वर्णन करून नोंदवला. त्याच्या पाठीवर सहा पांढरे ठिपके आहेत. तुमच्यापैकी कित्येकांनी माळरानावर तो पाहिला असेल. बोटाच्या दोन पेरांएवढा लांब, पंख नसल्यासारखाच, पण पळण्यात कोणाला हार जायचा नाही. आज त्याचे नाव ‘अँथिया सेक्सगुटाटा’ असे आहे. ऐकायला अवघड वाटते, पण लॅटिनमधल्या त्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ नुसता ‘सहा ठिपक्यांचा’ एवढाच. आपल्या गुराख्याने नाव ठेवले असते, तरी याहून वेगळे काय ठेवले असते?

पुढे जाती वाढल्या, तसे एक घर पुरेना. मग घरांचे वाडे करावे लागले. हे काम ज्याने केले, त्या पिएर लात्रेय या फ्रेंच माणसाची गोष्ट मोठी चटका लावणारी आहे.

लात्रेय हा धर्माने नेमलेला पाद्री, आणि मनाने किड्यांचा वेडा. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, तेव्हा नव्या सरकारशी निष्ठेची शपथ सगळ्या पाद्र्यांनी घ्यावी असा हुकूम निघाला. लात्रेयने ती घेतली नाही. त्याला धरून बोर्दो शहरातल्या तुरुंगात टाकले. १७९४ साल होते; त्या दिवसांत अशा कैद्याचे पुढे काय व्हायचे, ते सर्वांना ठाऊक होते. एके दिवशी तुरुंगाचा डॉक्टर कैद्यांना तपासायला आला. पाहतो तो हा माणूस जमिनीवर वाकून एका भुंगेऱ्याकडे टक लावून बसलेला! डॉक्टरने विचारले, ‘काय आहे हे?’ लात्रेय म्हणाला, ‘हा फार दुर्मिळ किडा आहे.’ डॉक्टर तो भुंगेरा घेऊन गेला आणि गावातल्या एका अभ्यासू मुलाला त्याने तो दाखवला. मुलगा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा. बोरी द सँ-व्हँसाँ त्याचे नाव. पण त्याने लात्रेयचे लिखाण वाचलेले होते. आपल्या गावच्या तुरुंगात कोण माणूस पडला आहे हे त्याच्या लक्षात आले, त्याने खटपट केली, आणि लात्रेयची सुटका झाली. त्याच्या बरोबरचे कैदी मात्र वाचले नाहीत, असे सांगतात.

तो भुंगेरा जमिनीवरच्या घराण्यातला नव्हता. सुकलेल्या मांसावर राहणाऱ्या दुसऱ्याच कुलातला होता. पण त्याच्यामुळे जीव वाचलेल्या लात्रेयने पुढे १८०२ साली जमिनीवरच्या भुंगेऱ्यांचे वेगळे कुल मांडले. शास्त्रात आजही कॅराबिडी या नावापुढे लात्रेय आणि १८०२ असे लिहितात. विचार करा. त्या मुलाला किड्याची ओळख होती, आणि किड्यावर लिहिणाऱ्या माणसाचीही. त्या ओळखीने एक जीव वाचला.

आता दुसऱ्या एका फ्रेंच माणसाकडे वळू. तो पाद्री नव्हे, सेनापती. काउंट देजाँ हा नेपोलियनच्या सैन्यातला अधिकारी. स्पेनमध्ये लढाईच्या ऐन तोंडावर त्याला फुलावर एक भुंगेरा दिसला. घोड्यावरून उतरून त्याने तो टिपला, टोपीच्या आत बुचाचा तुकडा चिकटवलेला होता त्यावर टाचला, आणि मग हल्ल्याचा हुकूम दिला, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी कशी असो, त्याचा संग्रह मात्र खरा. १८३७ सालच्या त्याच्या यादीत भुंगेऱ्यांची बावीस हजारांवर नावे आहेत, आणि जमिनीवरच्या भुंगेऱ्यांची त्याने केलेली वर्णने आजही अभ्यासकाला पाहावी लागतात.

पण या थोर माणसाचे एक म्हणणे पुढे टिकले नाही. एकाच भुंगेऱ्याला दोघांनी दोन नावे दिली असतील, तर जे नाव जास्त चालते ते ठेवावे, असे तो म्हणे. आता ‘जास्त चालते’ हे ठरवायचे कोणी? पॅरिसमध्ये एक चालणार, लंडनमध्ये दुसरे! नावांचा गोंधळ इतका वाढला, की १८४२ साली इंग्लंडात एका समितीने नियम आखून दिले. त्यातला मुख्य नियम असा, की जे नाव आधी रीतसर छापले गेले, ते खरे. सातबाऱ्यावर आधीची नोंद पाहतात ना, तसेच. पुढे १८९५ साली यासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोगच नेमला गेला, आणि आज जगभर त्याचेच नियम चालतात.

१८४२ च्या त्या समितीत चार्ल्स डार्विनही होता. तोही पूर्वीचा भुंगेरेवाला! केंब्रिजला शिकत असताना एकदा झाडाची साल उचलताच त्याला जमिनीवरचे दोन भुंगेरे दिसले. दोन्ही हातांत एकेक धरला, तोच तिसरा दिसला, आणि तोही दुर्मिळ जातीचा! सोडवेना एकही, म्हणून त्याने हातातला एक दातांत धरला. त्या भुंगेऱ्याने असा काही जळजळीत द्रव सोडला, की जीभ पोळली, तोंडातला थुंकावा लागला, आणि हाती यायचा तो तिसराही गेला. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, आणि तिच्यातला बोधही सांगा. या घराण्यातल्या पुष्कळांना असा द्रव उडवता येतो. आपला सहा ठिपक्यांचाही त्यांतलाच आहे. त्याला उघड्या हाताने धरू नये, आणि डोळ्यांजवळ तर मुळीच नेऊ नये.

तुम्ही म्हणाल, ‘सगळे झाले, पण नवी जात ही नवी आहे, हे ठरवतात तरी कसे?’ प्रश्न बरोबर आहे. आणि उत्तर थोडे उलटे आहे. नवा किडा पाहून तो नवा आहे हे कळत नाही. जुने सगळे पाहिल्यावरच ते कळते.

समजा, तुमच्या शाळेतल्या एका मुलाला बांधावर एक भुंगेरा सापडला. पहिले काम, चिठ्ठी. कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, कशाखाली सापडला, आणि कोणी गोळा केला. ही चिठ्ठी नसली तर सोन्यासारखा नमुनाही पत्ता नसलेल्या कार्डासारखा निरुपयोगी. मग तो भिंगाखाली धरायचा. मिशांना अकरा पेरे, पायाच्या पंजाला पाच पेरे, पुढच्या पायावर मिशा साफ करायला एक खाच: म्हणजे हा बहुधा जमिनीवरच्या घराण्यातला. पुढे डोळ्याच्या वरच्या बाजूला केस किती, एक की दोन? मानेची कड कशी? पाठीवरच्या टणक झाकणांवर रेघा किती, आणि त्यांत टोचे आहेत का? इतके करूनही दोन जाती सारख्याच दिसल्या, तर नराच्या जननेंद्रियाचा आकार पाहावा लागतो. पुष्कळदा खरा निवाडा तिथेच होतो. अलीकडे त्याच्या जोडीला पेशींतल्या आनुवंशिक द्रव्याचीही तुलना करतात.

आणि मग पोथ्या काढायच्या. त्या प्रजातीत आजवर ज्यांनी ज्यांनी जे जे वर्णन केले असेल, ते सगळे शोधायचे. कोणी लॅटिनमध्ये लिहिले, कोणी फ्रेंचमध्ये, कोणी जर्मनमध्ये. कित्येकदा वर्णन तीनच ओळींचे, आणि चित्र नाही. म्हणून शेवटी मूळ नमुना पाहावा लागतो. नवी जात जाहीर करणारा आज त्यातला एक नमुना ‘हाच या नावाचा साक्षीदार’ म्हणून ठरवून संग्रहालयात ठेवतो. शंभर वर्षांनी कोणी शंका काढली, तर शब्दांवर भांडायचे नाही, त्या एका नमुन्याशी ताडून पाहायचे. हे सारे झाले, आणि वर्णन छापून आले, की बारसे झाले. नाव रूपावरून ठेवावे, गावावरून ठेवावे, कोणा माणसाच्या आदराने ठेवावे. स्वतःचे मात्र ठेवू नये, असा शिष्टाचार आहे.

हिंदुस्थानातल्या जमिनीवरच्या भुंगेऱ्यांवर असे चिकाटीचे काम एच. ई. अँड्र्यूज या इंग्रज अभ्यासकाने केले. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवर जी मोठी ग्रंथमाला निघाली, तिच्यात या भुंगेऱ्यांचे त्याचे दोन खंड आहेत, एक १९२९ चा आणि दुसरा १९३५ चा. दीडशेहून अधिक वर्षांत इकडे तिकडे विखुरलेली नावे एकत्र आणायची, एकाच भुंगेऱ्याला चार जणांनी ठेवलेली चार नावे ओळखून त्यातले खरे एक ठरवायचे, आणि पुढच्याला वाट सापडावी म्हणून ओळखीची कोष्टके रचायची, हे ते काम. त्या मालेतले या कुलाचे खंड तिथेच थांबले. पुष्कळ प्रजाती बाकी राहिल्या.

यातली एक गोष्ट मनाला लागते. त्या काळात वर्णन झालेल्या आपल्या कितीतरी भुंगेऱ्यांचे साक्षीदार नमुने लंडन, पॅरिस अशा शहरांत आहेत. किडा आपल्या बांधावरचा, आणि त्याचा जन्मदाखला सातासमुद्रापलीकडे! कोलकात्याला १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली, तेव्हापासून इथेही संग्रह वाढत आला आहे. आणि आता त्या परदेशांतल्या नमुन्यांची बारीक छायाचित्रे घरबसल्या पाहता येऊ लागली आहेत. पूर्वी जे पाहायला बोटीने जावे लागे, त्यातले काही तरी आज जिल्ह्याच्या गावी बसून पाहता येते.

नाव दिले की ओळख पटते आणि जीव वाचतो, असे मी वर म्हणालो. पण याला एक दुसरी बाजू आहे, तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. युरोपात स्लोव्हेनिया देशातल्या काही थोड्या गुहांत याच घराण्यातला एक इवलासा, पिवळट तपकिरी भुंगेरा राहतो. जन्मभर अंधारात, त्यामुळे त्याला डोळेच नाहीत. शाइबेल नावाच्या संग्राहकाकडे १९३३ साली त्याचा नमुना आला, आणि १९३७ साली त्याने त्याला नाव ठेवले, ‘अनोफ्थाल्मस हिटलेरी’. जर्मनीत त्या वेळी सत्तेवर असलेल्या हिटलरच्या गौरवासाठी! पुढे त्या माणसाने जगाचे काय केले, ते सर्वांना माहीत आहे. पण नियम तो नियम. रीतसर छापलेले नाव, ते आता आवडत नाही एवढ्यावरून पुसता येत नाही. याचा परिणाम असा झाला, की हिटलरचे भक्त त्या नावापायी हा भुंगेरा पैसे मोजून विकत घेऊ लागले, चोरटे गुहांत शिरू लागले, आणि संग्रहालयातूनही नमुने चोरीला गेल्याचे बोलले गेले. बिचाऱ्या आंधळ्या किड्याने कोणाचे काय केले होते? नाव ठेवणाऱ्याची खुशामत, आणि शिक्षा मात्र किड्याला. म्हणून म्हणतो, नाव ठेवणे हे जबाबदारीचे काम आहे.

अजून किती बारशी राहिली आहेत? टेरी अर्विन म्हणून एक अमेरिकन शास्त्रज्ञ होता. जमिनीवरच्या भुंगेऱ्यांच्या घराण्याचाच तो जाणकार, २०२० साली वारला. त्याने पनामा देशातल्या जंगलात एकाच जातीच्या १९ झाडांच्या शेंड्यांत औषधाचा धूर सोडला आणि खाली चादरी पसरल्या. त्या १९ झाडांवरून भुंगेऱ्यांच्या ११०० हून अधिक जाती खाली पडल्या! त्यावरून हिशेब करून १९८२ साली त्याने लिहिले, की जगात किडे आणि त्यांच्या भाऊबंदांच्या तीन कोटी जाती असाव्यात. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा बराच खाली आणला. पण नाव मिळालेल्यांपेक्षा नाव न मिळालेले जास्त, याबद्दल फारसा वाद उरला नाही.

आणि आता आपल्या शेताकडे या. पिकावर विष फवारले, की ते नाव विचारत नाही. हुमणी, बोंडअळी, आणि त्यांना खाणारा हा काळा राखणदार, सगळ्यांना एकच माप. ज्याचे अजून बारसेही झाले नाही, असा एखादा त्यात गेला, तर तो होता हेसुद्धा कोणाला कळायचे नाही. अमेरिकेची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे जंगलाचा पाला फस्त करणाऱ्या एका परदेशी पतंगाच्या अळ्या माजल्या, तेव्हा १९०५ पासून त्यांनी युरोपातून याच घराण्यातला एक भुंगेरा मुद्दाम आणून सोडला. अळ्यांच्या मागे झाडावर चढणारा तो भुंगेरा नेमका कोणता, हे आधी कोणी तरी भिंगाखाली पाहून लिहून ठेवले होते, म्हणूनच तो आणता आला.

शिक्षक बंधुभगिनींनो, जाता जाता तुम्हाला एक साधा प्रयोग सुचवतो. दह्याचा रिकामा डबा घ्या, तळाला बारीक भोके पाडा, आणि त्याचा काठ जमिनीच्या पातळीत येईल असा तो बांधावर पुरा. वर दोन खड्यांवर टेकवून कौलाचा तुकडा ठेवा, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. रात्री धावणारे आपोआप आत पडतात. सकाळी लवकर मुलांना घेऊन जा. हात न लावता पाहा, मोजा, वहीत तारीख आणि जागा लिहा, चित्र काढा, आणि मग त्यांना सोडून द्या. एक डबा फवारलेल्या शेतात पुरा, एक न फवारलेल्या बांधावर. महिनाभराने दोन्ही वह्या शेजारी ठेवा, आणि काय दिसते ते मुलांनाच सांगू द्या.

आणखी एक काम. तुमच्या गावात, वाडीवर, वस्तीवर या किड्यांना कोणी जुनी माणसे एखाद्या वेगळ्या नावाने ओळखत असतील, तर तेही त्या वहीत लिहून ठेवा. लॅटिन नाव पंडितांसाठी आहे. पण वहाण उचललेला हात थांबवायला घरच्या बोलीतले नावच उपयोगी पडते.